कोटद्वारने जनरलला हरवलं, यात चुकलं कोणाचं?

माणदेशी (धागाकर्ता)

दुसऱ्या एका चर्चेत उत्तराखंडच्या २०१२ च्या निवडणुकीचा विषय निघाला आणि एका सदस्याने लिहिलं, "घरटी एक फौजी असलेल्या कोटद्वारने आपल्याच जनरलला पाडलं, याहून मोठा कृतघ्नपणा नाही." तिथे वाद घालणं अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो. कोटद्वारचे लोक कृतघ्न नव्हते. फौजी गावाला वर्दीची किंमत कळते, म्हणूनच वर्दी आणि आमदारकी यांची गल्लत तिथे झाली नाही.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, जन्म १९३४, देहरादून. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणांचे भाचे. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकलेले, १९५४ ते १९९० सैन्याच्या अभियंता दलात, अति विशिष्ट सेवा पदकाचे मानकरी. निवृत्तीनंतर वर्षभरातच, १९९१ ला, भाजपकडून गढवालचे खासदार. १९९६ ला सतपाल महाराजांकडून हरले, मग १९९८, १९९९ आणि २००४ ला जिंकले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात २००० पासून रस्ते खातं त्यांच्याकडे होतं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाचं बरंचसं काम त्यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं. २००७ ला उत्तराखंडचे मुख्यमंत्री. २००९ च्या लोकसभेत राज्यातल्या पाचही जागा भाजपने गमावल्या तेव्हा राजीनामा, जागी रमेश पोखरियाल निशंक. सप्टेंबर २०११ मध्ये, निवडणूक चार-पाच महिन्यांवर आली असताना, पक्षाने निशंकांना बाजूला करून पुन्हा खंडुरींना आणलं. "खंडूरी है जरूरी" ही घोषणा तेव्हाची.

आणि मग कोटद्वार. पौडी गढवाल जिल्ह्यातलं, डोंगर संपून मैदान सुरू होतं तिथलं खोह नदीकाठचं गाव. लॅन्सडाउन, म्हणजे गढवाल रायफल्सचं केंद्र, तिथून ४० किलोमीटरवर, आणि लॅन्सडाउनला जायला रेल्वे इथपर्यंतच. खंडुरींचा आधीचा धुमाकोट मतदारसंघ पुनर्रचनेत गेला होता, म्हणून ते इथे उभे राहिले. ६ मार्च २०१२ ला निकाल लागला: काँग्रेसचे सुरेंद्रसिंह नेगी ४,६२३ मतांनी विजयी. राज्यात काँग्रेस ३२, भाजप ३१. पदावर असलेला मुख्यमंत्री स्वतः पडला आणि पक्षही एका जागेने मागे राहिला.

माझा मुद्दा साधा आहे. कोटद्वारमध्ये मत देणारा माणूस मुख्यमंत्री निवडत नव्हता, आमदार निवडत होता. नेगी तिथलेच, आधी आमदार राहिलेले, २००७ ला हरल्यावरही गावात राहिलेले. जनरलसाहेब मोठे, प्रामाणिक, शिस्तीचे, पण ते आले शेवटच्या घटकेला, आणि आले ते राज्याची प्रचारसभा घेत घेत. आमदार दाराशी भेटेल का, हा प्रश्न मतदाराने विचारला तर त्यात कृतघ्नपणा कुठे आला?

---

कट्टर_वाचक

असहमत. आणि सौम्य शब्दांत असहमत नाही.

"आमदार निवडत होते, मुख्यमंत्री नाही" हा युक्तिवाद कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात त्या वेळी कोटद्वारमधल्या पोरासोरांनाही माहीत होतं की इथून जिंकणारा माणूस मुख्यमंत्री होणार आहे. स्वतःच्या गावाचा आमदार मुख्यमंत्री होण्याची संधी किती गावांना मिळते? आपल्याकडे बारामती, लातूर, कराड यांची कामं कशी झाली हे आपण पाहिलंय. कोटद्वारने ती संधी हाताने घालवली.

शिवाय ज्या माणसाने लोकायुक्त विधेयक आणलं, नोव्हेंबर २०११ मध्ये विधानसभेत मंजूर करून घेतलं, मुख्यमंत्र्यालाही त्याच्या कक्षेत घेतलं, तो माणूस हरला. अण्णा हजारेंनी त्या विधेयकाचं कौतुक केलं होतं. देशभर भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाचं वारं होतं. त्या वाऱ्यात प्रामाणिक माणूस पडतो आणि आपण त्याला "मतदाराचा शहाणपणा" म्हणायचं?

आणि पुढे काय झालं ते बघा. मुख्यमंत्रिपदी बहुगुणा आले. विजय बहुगुणा, खंडुरींचेच मामेभाऊ. २०१४ ला काँग्रेस सरकारने लोकायुक्ताचा तो कायदा रद्द करून दुसरा आणला आणि लोकायुक्त काही नेमला गेला नाही. पुढे भाजपची सरकारं आली, त्यांनीही नेमला नाही. ४,६२३ मतांची किंमत ही आहे.

---

सुभेदाराची_लेक

मी या वादात पडणार नव्हते, पण कोटद्वार मी जवळून पाहिलंय. नवऱ्याची बदली लॅन्सडाउनला होती, त्यामुळे जाणं-येणं कोटद्वारवरूनच.

त्या गावाचा "फौजीपणा" बाहेरच्यांना वाटतो तसा नाही. स्टेशनवर उतरलात की काळ्या लोखंडी ट्रंका दिसतात. त्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. भरती झालेला पोरगा, त्याला सोडायला आलेली आई, सुट्टी संपवून परत निघालेला हवालदार, सगळे एकाच फलाटावर. बाहेर लॅन्सडाउन, सतपुली, पौडीच्या जीपा लागलेल्या असतात आणि ड्रायव्हर लोक गावांची नावं ओरडत असतात. कॅन्टीनला महिन्याच्या सुरुवातीला रांग लागते, त्यात निवृत्त सुभेदार-मेजर आणि त्यांचे सूनबाळ. हे गाव फौजेचा आदर करतं, पण तो आदर रोजचा आहे. त्यात भाबडेपणा नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. फौजेत अधिकारी आणि जवान यांच्यात अंतर असतं. ते असावंच लागतं. कोटद्वार आणि त्याच्या खालचा भाबर, म्हणजे डोंगरपायथ्याचा पट्टा, हा भाग मुख्यतः जवानांच्या आणि जेसीओंच्या, म्हणजे सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या, कुटुंबांनी वसवलेला. वरच्या गावांतून मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, पेन्शनच्या कामासाठी लोक खाली उतरले आणि तिथेच राहिले. पेन्शनीतून दोन खोल्या बांधल्या, दारात लिची-आंबा लावला. हे लोक जनरलसाहेबांना सलाम करतील, अगदी मनापासून करतील. पण रेशनकार्डाचं काम घेऊन जनरलच्या बंगल्यावर जायला त्यांचे पाय उचलत नाहीत. नेगींकडे जायला उचलतात. माझ्या शेजारच्या आजी (त्यांचे यजमान नायब सुभेदार होते) एकदा म्हणाल्या होत्या, "साहब तो साहब ही रहेंगे." त्यात राग नव्हता. वस्तुस्थिती होती.

माणदेशी, तुमचा निष्कर्ष मला मान्य आहे. पण "आमदार निवडला, मुख्यमंत्री नाही" एवढ्या हिशेबी पद्धतीने कोणी मत दिलं असेल असं वाटत नाही.

---

नि३

शेजारच्या आजींच्या वाक्यावरून मतदारसंघाचा निकाल लावायचा म्हणजे जरा जास्तच होतं. माफ करा ताई, पण ४,६२३ चा फरक म्हणजे दोन-अडीच हजार लोकांनी उलटं बटण दाबलं असतं तर आज आपण "फौजी गावाने जनरलला कसं डोक्यावर घेतलं" असा धागा वाचत असतो. एवढ्या थोड्या फरकातून समाजाचं मन वाचायचं नसतं.

निकालाचं खरं कारण पक्षाच्या आत शोधा. २००७ ला कोटद्वार भाजपनेच जिंकलं होतं, शैलेंद्रसिंह रावत आमदार होते. त्यांनी नेगींना हरवलं होतं. बसलेल्या, जिंकलेल्या आमदाराचं तिकीट कापून मुख्यमंत्र्याला तिथे आणलं. त्याची माणसं किती मनापासून फिरली असतील? निकालानंतर "भितरघात" हा शब्द देहरादूनच्या प्रत्येक वर्तमानपत्रात होता. शैलेंद्र रावत पुढे काँग्रेसमध्ये गेले, यावरूनही काय ते कळतं.

त्यात निशंकांना हटवून चार महिने झालेले. पक्षात दोन गट आधीपासून, कोश्यारींचा तिसरा. हो, तेच कोश्यारी जे नंतर आपले राज्यपाल झाले. २००७ ला मुख्यमंत्रिपदासाठी आमदारांमध्ये त्यांचं पारडं जड होतं असंच तेव्हा म्हटलं जायचं, आणि दिल्लीने खंडुरींना पाठवलं. जनरलला लढाई बाहेरच्यांशी करायची सवय असते. इथे तंबूतच तीन छावण्या होत्या.

---

माणदेशी

नि३, तिकीट कापल्याचा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्या बाजूचा आहे. गावाने निवडलेला आमदार बाजूला करून वरून माणूस लादला, गावाने तो नाकारला. यात गाव कुठे चुकलं?

सुभेदाराची_लेक, ट्रंकांचं वर्णन वाचून डोळ्यांसमोर आलं. आमच्या साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी आहे, तिथेही असंच. पिढ्यान्पिढ्या फौज, पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सुभेदाराला कोणी नुसत्या मेडल्सवर मत देत नाही. पाण्याची टाकी कोण आणणार ते विचारतात.

कट्टर_वाचक, लोकायुक्ताबद्दल. विधेयक आणलं हे खरं, धाडसाचं होतं हेही खरं. पण मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदार यांच्यावर चौकशी सुरू करायला लोकायुक्ताच्या सगळ्या सदस्यांची आणि अध्यक्षांची एकमुखी परवानगी लागेल अशी तरतूद त्यात होती. एक सदस्य नाही म्हणाला की संपलं. यावर तेव्हाही टीका झाली होती. त्यामुळे "प्रामाणिकपणाचा पराभव" असं थेट समीकरण मांडता येत नाही.

---

कट्टर_वाचक

तरतुदीत त्रुटी होती म्हणून दुरुस्ती करायची असते, कायदा गाडायचा नसतो. पण ते राहू द्या.

मला या धाग्यात एक गोष्ट टोचतेय. "साहेब", "अंतर", "भेटत नाहीत" हे सगळं एका माणसाच्या शिस्तीला दोष म्हणून मोजलं जातंय. खंडुरी वेळेवर कार्यालयात यायचे, फायली वाचायचे, शिफारशीने बदल्या करायला नकार द्यायचे. आमदारांची तक्रार काय होती? मुख्यमंत्री आमचं ऐकत नाहीत. काय ऐकायचं होतं? अमक्या मास्तराची बदली डोंगरातून मैदानात करा. उत्तराखंडमध्ये हा बदल्यांचा धंदा किती खोल आहे हे तिथल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. दुर्गम शाळा ओस आणि देहरादूनच्या शाळांत शिक्षकांची गर्दी. त्याला हात घालणारा माणूस अप्रिय होणारच.

२००८ ला १०८ ची रुग्णवाहिका सेवा त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. डोंगरातल्या बाळंतिणीला रस्त्यापर्यंत डोलीतून आणल्यावर पुढे गाडी मिळणं काय असतं ते आपल्याला इथे बसून कळणार नाही. आणि तुम्ही म्हणता, भेटत नव्हते.

---

स्नेहल_प

मी बांधकाम क्षेत्रातली आहे, म्हणून सुवर्ण चतुष्कोनाबद्दल दोन गोष्टी.

खंडुरींच्या काळात त्या प्रकल्पाला जी गती मिळाली ती खरी आहे. कंत्राटांचे टप्पे पाडणं, वेळापत्रक बांधणं, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणं, ही फौजी अभियंत्याची पद्धत होती आणि सरकारी रस्त्यांच्या कामात ती नवी होती. आमच्या क्षेत्रातली जुनी माणसं आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

पण त्याच प्रकल्पात सत्येंद्र दुबेही होते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा तरुण अभियंता, आयआयटी कानपूरचा. झारखंड-बिहारमधल्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि ते पत्र त्याच्या नावासकट खात्याखात्यांतून फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. पुढे सीबीआयच्या तपासात तो लुटीच्या प्रयत्नातला खून असल्याचं सांगितलं गेलं, आरोपींना शिक्षाही झाली. तरी नाव फुटलं कसं, याची जबाबदारी कोणीच घेतली नाही.

मी खंडुरींवर व्यक्तिशः आरोप करत नाही, तसा पुरावा नाही. मुद्दा असा की वर बसलेला माणूस स्वच्छ आणि शिस्तीचा असला की यंत्रणा आपोआप स्वच्छ होते, हा फौजेतला विश्वास आहे. फौजेत आदेशाची साखळी असते, हुकूम खालपर्यंत पोचतो. नागरी खात्यात तो वाटेत पाच ठिकाणी मुरतो. मुख्यमंत्री म्हणूनही हेच झालं असणार. मोजक्या विश्वासू अधिकाऱ्यांवर सगळा भार, आमदार नाराज, आणि खाली तलाठी, म्हणजे तिकडचे पटवारी, तसेच.

---

वऱ्हाडी_पाहुणा

इथे सगळे "फौजी म्हणजे आज्ञाधारक" असं धरून चाललेत. गढवालचा इतिहास तसा नाही, हे कोणीतरी सांगायला हवं.

२३ एप्रिल १९३०, पेशावर. खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगारांच्या निःशस्त्र जमावावर गोळ्या चालवण्याचा हुकूम आला आणि रॉयल गढवाल रायफल्सच्या तुकडीने तो पाळला नाही. पुढे होते हवालदार चंद्रसिंह गढवाली. कोर्टमार्शल झालं, जन्मठेप झाली, अकरा वर्षं तुरुंगात गेली. सुटल्यावर गांधीजींच्या आश्रमात राहिले, ४२ च्या आंदोलनात पुन्हा तुरुंग, मग कम्युनिस्ट पक्ष. सैनिकाने राजकारणात जाण्याची गढवालमधली पहिली ठळक वाट ही आहे, आणि ती हुकूम मोडण्यातून निघाली. त्यांची अखेरची वर्षं कोटद्वारच्याच परिसरात गेली. १९७९ ला वारले. आज श्रीनगर-गढवालच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, पण जिवंतपणी सत्तेने त्यांना जवळ केलं नाही.

एका बाजूला हवालदार गढवाली, दुसऱ्या बाजूला जनरल खंडुरी. एकाने वरच्यांना नाही म्हटलं आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली. दुसऱ्याला पक्षाने २००७ ला आणलं, २००९ ला काढलं, २०११ ला आणलं, २०१२ ला मतदारसंघही ठरवून दिला, आणि ते प्रत्येक वेळी निमूट गेले. ज्या मातीत पहिला घडला तिथल्या लोकांनी दुसऱ्याला मतपेटीतून नकार दिला, तर मला त्यात परंपराच दिसते.

---

कट्टर_वाचक

पाहुणे, निमूट गेले म्हणता? मग २०१८ आठवा.

२०१४ ला, ऐंशीच्या घरात, ते गढवालमधून पुन्हा खासदार झाले, हरकसिंह रावतांना मोठ्या फरकाने हरवून. (कोटद्वार त्याच लोकसभा मतदारसंघात येतं, हेही लक्षात घ्या.) संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१८ मध्ये त्या समितीचा अहवाल आला, त्यात उपसेनाप्रमुखांची साक्ष होती की सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातली आहे, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. तरतूद अपुरी आहे हे समितीने स्पष्ट लिहिलं. सरकार कोणाचं होतं? त्यांच्याच पक्षाचं. त्याच सप्टेंबरात समितीचं अध्यक्षपद कलराज मिश्रांकडे गेलं.

पंचवीस-तीस वर्षं संसदेत असलेल्या किती खासदारांनी स्वपक्षाच्या सरकारला असा आरसा दाखवला? त्यांचा हवालदार गढवालींशी असा विरोध उभा करणं अन्याय आहे.

---

वऱ्हाडी_पाहुणा

२०१८ चा मुद्दा पूर्ण मान्य. तो त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात उजळ भाग आहे असंच मी म्हणेन, सुवर्ण चतुष्कोनापेक्षाही. पण ते संसदेत, समितीच्या टेबलावर, आकडे समोर ठेवून. तिथे जनरलचं शिक्षण कामी येतं. कोटद्वारच्या झंडाचौकात ते शिक्षण कामी येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

---

नि३

याच संदर्भात कर्नल अजय कोठियाल बघा. कीर्तिचक्र, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्राचार्य, २०१३ च्या आपत्तीनंतर केदारनाथच्या पुनर्बांधणीत अक्षरशः बर्फात राहून काम केलेला माणूस, डोंगरातल्या पोरांना भरतीसाठी मोफत तयार करणारा. २०२२ ला 'आप'ने त्यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं. गंगोत्रीत तिसरे आले. काही महिन्यांत ते भाजपमध्ये गेले.

म्हणजे लोकांत मिसळलेला फौजीही हरतो. तेव्हा "साहेब दूर होते म्हणून हरले" हा सिद्धांतही पुरत नाही. संघटना लागते, बूथ लागतो, जातीपातीचं गणित लागतं. ठाकूर-ब्राह्मण हे उत्तराखंडच्या राजकारणातलं उघड गणित आहे आणि या धाग्यात त्याचा उल्लेखही झाला नाही. खंडुरी ब्राह्मण, नेगी ठाकूर, आणि ज्यांचं तिकीट कापलं ते रावतही ठाकूर. हे न बोलता कोटद्वार समजणार नाही.

---

सुभेदाराची_लेक

जातीचा मुद्दा आहेच, नाकारत नाही. पण त्याच कोटद्वारने २०२२ ला जनरलसाहेबांच्या मुलीला, ऋतू खंडुरींना, निवडून दिलं, समोर तेच सुरेंद्रसिंह नेगी होते. जात बदलली नव्हती, उमेदवाराचं घराणंही बदललं नव्हतं. मग?

मला वाटतं, गावाचे स्वतःचे प्रश्न आहेत आणि ते दर निवडणुकीत वेगळ्या माणसाकडे उत्तर शोधत जातात. दोनच सांगते.

एक, रस्ता. कोटद्वारहून हरिद्वार-देहरादूनला जायचं तर खाली उत्तर प्रदेशात नजीबाबादला उतरायचं आणि परत उत्तराखंडात शिरायचं. स्वतःच्या राजधानीला जायला दुसऱ्या राज्यातून. लालढांग-चिल्लरखाल हा रस्ता झाला तर हा वळसा वाचतो, पण तो राजाजी आणि कॉर्बेट यांच्यामधल्या हत्ती-वाघांच्या वाटेतून जातो, म्हणून वर्षानुवर्षं वनखातं आणि न्यायालय यांच्यात अडकून राहिला. साऱ्या देशाला रस्ते देणाऱ्या माणसाकडून या एका रस्त्याची आशा तिथे प्रत्येकाला होती.

दोन, जिल्हा. १५ ऑगस्ट २०११ ला निशंकांनी चार नवे जिल्हे जाहीर केले: कोटद्वार, यमुनोत्री, रानीखेत, डीडीहाट. पौडीचं जिल्हा मुख्यालय कोटद्वारहून शंभर किलोमीटरवर, तेही घाटातून. एका दाखल्यासाठी पूर्ण दिवस. पेन्शनीतल्या म्हाताऱ्या बाईने तो प्रवास कसा करायचा? घोषणा झाली तेव्हा गावात मिठाई वाटली गेली होती. मग महिन्याभरात मुख्यमंत्री बदलले. जानेवारीत मतदान झालं तेव्हा जिल्हा कुठेच दिसत नव्हता आणि मतं मागायला उभे होते ते मुख्यमंत्रीच.

---

माणदेशी

जिल्ह्याचा मुद्दा मी सुरुवातीलाच घ्यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. "कृतघ्न" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

---

कट्टर_वाचक

देतो. जिल्हे निशंकांनी जाहीर केले ते तिजोरी आणि सीमा यांचा विचार न करता, निवडणूक तोंडावर ठेवून. चार महिन्यांत चार जिल्हे उभे करणं कोणालाही शक्य नव्हतं. खंडुरींनी खोटं आश्वासन दिलं असतं, एखादा फलक लावून कार्यालयाचं उद्घाटन केलं असतं, तर कदाचित ४,६२३ मतं भरून निघाली असती. त्यांनी तसला देखावा केला नाही. आणि नेगी जिंकले, मंत्रीही झाले, पाच वर्षं काँग्रेसचं सरकार होतं. झाला का जिल्हा? नंतर भाजप आला. झाला का? मग त्या मताने गावाला मिळालं काय?

सुभेदाराची_लेक, २०२२ चं तुम्ही विचारलंत. ऋतू खंडुरी २०१७ ला शेजारच्या यमकेश्वरमधून आमदार झाल्या होत्या. २०२२ ला तिथलं तिकीट नाकारून त्यांना कोटद्वारला पाठवलं. वडिलांप्रमाणेच बाहेरून आलेल्या, वडिलांप्रमाणेच वरून ठरवलेल्या. तरी गावाने त्यांना निवडलं आणि त्या राज्याच्या पहिल्या महिला विधानसभा अध्यक्ष झाल्या. माझ्या मते गावाने दहा वर्षांपूर्वीचं कर्ज फेडलं. म्हणजे गावालाही काहीतरी टोचत होतंच.

---

सुभेदाराची_लेक

कर्ज वगैरे काही नाही हो. मत म्हणजे परतफेड असं मानणं हाच मूळ घोळ आहे.

१३ जुलै २०२३ ला मालन नदीवरचा पूल पावसात कोसळला. भाबरातली वस्ती गावापासून तुटली. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पलीकडे. ऋतू खंडुरी तिथे उभ्या राहून अधिकाऱ्याला फोनवर झापत होत्या, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोकांनी त्याचं कौतुक केलं आणि लगेच पुढचा प्रश्नही विचारला: नदीतून वाळू-दगड उपसला जात होता, खांबांचा पाया उघडा पडत होता, तेव्हा कोण बघत होतं? तिथल्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांनी मला फोनवर हेच विचारलं. ते सॅपर होते, आयुष्यभर पूल बांधत आलेले, जनरलसाहेबांच्याच अभियंता दलातले. साहेबांबद्दल अवाक्षर वावगं बोलू देत नाहीत. २०१२ ला मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना पूल कधी होणार एवढंच जाणून घ्यायचं होतं.

---

नि३

सॅपर हवालदारांचा प्रश्न बरोबर आहे. नदीतल्या उपशाचे परवाने कोणत्या वर्षी, कोणत्या सरकारने, पुलापासून किती अंतरावर दिले, ही माहिती अधिकारात मिळण्यासारखी गोष्ट आहे. तिथे ओळखी असलेल्या कोणी अर्ज टाकला तर इथे जरूर लिहा. २०१२ चं भांडण मग खुशाल पुढे चालू ठेवू.